पॅरासिटामॉल आणि यकृतपेशी : पेशीविषाक्ततेची चाचणी पायरी-पायरीने

एखादे औषध किंवा रसायन पेशींना किती इजा करते हे तपासायचे म्हटले, की आपल्याकडील बहुतेक प्रयोगशाळांत सर्वप्रथम एमटीटी चाचणीचे नाव निघते. टिम मॉसमन यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेली ही पद्धत स्वस्त आहे, जलद आहे आणि तिला फारशी महागडी उपकरणे लागत नाहीत, त्यामुळे एम.एस्सी. आणि एम.फार्म.च्या प्रबंधांत ती हमखास आढळते. मात्र तिच्या आकड्यांतून जे निष्कर्ष काढले जातात ते अनेकदा त्या आकड्यांना पेलत नाहीत. पेशी मेल्या की जगल्या हे एमटीटी सांगत नाही. पेशींमधील चयापचय कितपत चालू आहे एवढेच ती सांगते. हा फरक लक्षात ठेवून प्रयोगाची आखणी केली तर चाचणी उत्तम काम देते, आणि तो विसरला तर नेटक्या आलेखातूनही चुकीचे विधान बाहेर पडते. या लेखात पॅरासिटामॉल आणि हेप-जी-२ या यकृतपेशी हे उदाहरण घेऊन संपूर्ण प्रयोग पायरी-पायरीने मांडला आहे.

पॅरासिटामॉल निवडण्याचे कारण असे, की त्याची विषक्रिया चांगली माहीत आहे. नेहमीच्या मात्रेत यकृत या औषधाचा बहुतांश भाग ग्लुकुरोनाइड आणि सल्फेट यांच्याशी जोडून निरुपद्रवी करते. थोडासा भाग मुख्यतः सायटोक्रोम पी-४५०-२-ई-१ या विकरामुळे एनएपीक्यूआय या अतिक्रियाशील संयुगात बदलतो आणि पेशीतील ग्लुटाथायोन हे संरक्षक संयुग त्याला लगेच निष्प्रभ करते. मात्रा अतिरेकी झाली की ग्लुटाथायोनचा साठा संपतो, उरलेले एनएपीक्यूआय मायटोकॉन्ड्रियातील प्रथिनांना चिकटते, ऊर्जानिर्मिती कोलमडते आणि अखेरीस पेशीचे आवरण फुटते. एन-ॲसिटिलसिस्टीन हा उतारा रुग्णालयात दिला जातो तो ग्लुटाथायोनचा साठा भरून काढण्यासाठीच. इतका स्पष्ट मार्ग समोर असल्यामुळे आपली चाचणी खरे बोलते आहे की नाही हे विद्यार्थ्याला स्वतः पडताळून पाहता येते.

पेशी निवडण्याआधी प्रश्न ठरवावा

हेप-जी-२ या पेशी अर्जेंटिनातील एका पंधरा वर्षांच्या मुलाच्या यकृतातील गाठीपासून मिळाल्या. त्या सहज वाढतात, वर्षानुवर्षे वाढवता येतात आणि सर्वत्र उपलब्ध आहेत. परंतु त्यांच्यात वर सांगितलेले सायटोक्रोम विकर अत्यल्प असते. याचा अर्थ असा, की पॅरासिटामॉलचे एनएपीक्यूआय करण्याची मानवी यकृताची क्षमता या पेशींमध्ये जवळजवळ नाही. १० किंवा २० मिलिमोलर संहतीला हेप-जी-२ पेशींची वाढ खुंटते, काही पेशी मरतातही, परंतु त्या मृत्यूचे कारण रुग्णाच्या यकृतात घडते तेच आहे असे त्यावरून म्हणता येत नाही. हा या प्रयोगातील सर्वांत महत्त्वाचा मुद्दा आहे, आणि प्रबंधांमध्ये सर्वाधिक दुर्लक्षित राहतो तोही हाच.

मूळ संयुग आणि शरीरात त्याचे रूपांतर होऊन तयार होणारे संयुग यांच्यातील फरक किती गंभीर असू शकतो, याचे उदाहरण महाराष्ट्राला फार जवळचे आहे. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात औषध म्हणून दिलेल्या ग्लिसरीनमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल मिसळलेले होते आणि त्यामुळे १४ रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने त्याची चौकशी केली. पुढे मानवी मूत्रपिंडाच्या नलिकापेशींवर झालेल्या प्रयोगांतून दिसून आले, की या पेशींना मारते ते मूळ डायइथिलीन ग्लायकॉल नव्हे, तर त्यापासून शरीरात तयार होणारे डायग्लायकॉलिक आम्ल. मूत्रपिंडाच्या पेशींवर केवळ मूळ द्रव टाकून पाहणाऱ्याला तो सुरक्षित वाटला असता.

म्हणून आधी प्रश्न लिहून काढावा. ‘हे संयुग वाढत्या पेशींना थेट इजा करते का?’ एवढाच प्रश्न असेल तर हेप-जी-२ पुरेशा आहेत. ‘यकृतात रूपांतर झाल्यावर काय होते?’ असा प्रश्न असेल तर मानवी यकृतातून नुकत्याच वेगळ्या केलेल्या पेशी, हेपा-आर-जी पेशी किंवा ते सायटोक्रोम विकर मुद्दाम घातलेल्या हेप-जी-२ पेशी वापराव्या लागतात. तशा पेशी वापरताना एक खबरदारी अत्यावश्यक आहे: पॅरासिटामॉल डीएमएसओमध्ये विरघळवू नये. डीएमएसओ हे द्रावक स्वतःच या सायटोक्रोमला रोखते, त्यामुळे एनएपीक्यूआय कमी तयार होते आणि औषध आहे त्यापेक्षा सौम्य भासते.

पेशी कोठून आणल्या याची नोंद हवी. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातील पेशीसंग्रहातून भारतभरातील संशोधन संस्थांना पेशी पुरवल्या जातात, आणि महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांना तो सर्वांत सोयीचा मार्ग आहे. शेजारच्या प्रयोगशाळेतून फ्लास्कभर पेशी मागून आणण्याची सवय मात्र सोडावी. १९६६ मध्ये स्टॅन्ली गार्टलर यांनी दाखवून दिले, की वेगवेगळ्या नावांनी वाढवल्या जाणाऱ्या अनेक पेशी प्रत्यक्षात हेला या झपाट्याने वाढणाऱ्या कर्करोगपेशीच होत्या. तो धोका आजही टळलेला नाही. त्यामुळे एसटीआर पद्धतीने (डीएनएमधील पुनरावृत्त तुकडे तपासून) डीएनएची ओळख पटवून घ्यावी आणि दर काही आठवड्यांनी पीसीआरने मायकोप्लाझ्माची तपासणी करावी. हा जिवाणू ०.२२ मायक्रोमीटरच्या गाळणीतूनही पार होऊ शकतो, मीडिया (पेशी वाढवण्याचा पोषक द्रव) गढूळ करत नाही, साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नाही, पण पेशींचे चयापचय बदलतो आणि एमटीटीचे आकडे बिघडवतो.

पेशी मोजणे आणि प्लेट लावणे

पेशी १० टक्के सीरम घातलेल्या मीडियात, ३७ अंश सेल्सिअस तापमानाला आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइडमध्ये वाढवाव्यात. फ्लास्कचा ७० ते ८० टक्के पृष्ठभाग व्यापला गेला की त्या प्रयोगासाठी घ्याव्यात. त्याहून दाट झालेल्या पेशींची वाढ मंदावलेली असते आणि त्यांचा प्रतिसाद वेगळा येतो.

हेप-जी-२ पेशींची एक खोड आहे: त्या गठ्ठ्यांनी वाढतात. ट्रिप्सिन या विकराने पृष्ठभागावरून सुटल्यावरही आठ-दहा पेशी एकमेकींना धरून राहतात, आणि असा गठ्ठा एका वेलमध्ये (प्लेटमधील छोट्या खळग्यात) पडून शेजारचा वेल विरळ राहिला तर औषधाचा काहीही परिणाम नसताना आकड्यांत मोठी तफावत दिसते. पेशी सुटल्यावर पिपेटने हळुवारपणे अनेकदा वर-खाली कराव्यात, तरीही गठ्ठे दिसले तर ४० मायक्रोमीटरच्या जाळीतून गाळाव्यात, आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकेक पेशी सुटी दिसल्याशिवाय पुढे जाऊ नये. या एका पायरीवर दिलेली दहा मिनिटे पुढचे अनेक दिवस वाचवतात.

मोजणीसाठी पेशींचे द्रावण आणि ०.४ टक्के ट्रिपॅन ब्ल्यू समप्रमाणात मिसळून हिमोसायटोमीटरवर (पेशी मोजण्याच्या, चौकोन आखलेल्या काचेवर) घालावे आणि पाच मिनिटांच्या आत मोजणी उरकावी, कारण वेळ गेला की जिवंत पेशीही निळा रंग शोषू लागतात. समजा, चार कोपऱ्यांच्या मोठ्या चौकोनांत निळ्या न झालेल्या पेशी ४२, ३८, ४५ आणि ३९ भरल्या. सरासरी ४१ आली. तिला रंगामुळे झालेल्या दुपटीच्या विरलनाचे २ आणि चौकोनाच्या आकारमानाचे १०,००० यांनी गुणल्यावर एका मिलिलिटरमध्ये ८.२ लाख पेशी आहेत असे कळते. प्रत्येक वेलमध्ये १०० मायक्रोलिटरमधून १०,००० पेशी हव्या असतील, तर द्रावणात दर मिलिलिटरला १ लाख पेशी हव्यात. ८ मिलिलिटर द्रावणासाठी मूळ द्रावणाचे सुमारे ०.९८ मिलिलिटर घेऊन त्यात ७.०२ मिलिलिटर मीडिया मिसळावा. जिवंत पेशींचे प्रमाण ९० टक्क्यांहून कमी असेल तर त्या दिवशी प्लेट लावू नये.

९६ वेलच्या प्लेटच्या कडेच्या ३६ वेलमधून पाणी लवकर उडते, म्हणून त्यांत निर्जंतुक बफर भरावे आणि आतल्या ६० वेलच प्रयोगासाठी वापराव्यात. आतले दहा उभे स्तंभ, प्रत्येकी सहा वेल, असे वाटून घेता येतात: पहिल्यात पेशींशिवाय फक्त मीडिया, दुसऱ्यात औषध न दिलेल्या पेशी, पुढच्या सहांत औषधाच्या सहा संहती, नवव्यात ट्रायटन या प्रक्षालकाने पूर्णपणे फोडायच्या पेशी आणि दहाव्यात पेशींशिवाय सर्वाधिक संहतीचे औषध. हा शेवटचा स्तंभ अनेकजण जागा वाचवण्यासाठी गाळतात. तसे करू नये; औषध स्वतःच एमटीटीला जांभळे करत असेल तर ते केवळ याच स्तंभात दिसते. प्रयोग पुन्हा करताना स्तंभांचा क्रम बदलावा, म्हणजे प्लेटमधील जागेचा परिणाम औषधाच्या माथी येत नाही.

प्लेट लावल्यावर ती १५ मिनिटे हूडमध्येच सपाट ठेवावी आणि मग इन्क्युबेटरमध्ये न्यावी, म्हणजे पेशी एका बाजूला गोळा होत नाहीत. पेशी चिकटण्यासाठी २४ तास द्यावेत. याच वेळी एक जादा प्लेट लावावी, जिचे रीडिंग औषध घालण्याच्या क्षणी घ्यायचे आहे. तिचा उपयोग पुढे स्पष्ट होईल.

औषधाची संहती

पॅरासिटामॉलचा रेणुभार १५१.१६ आहे आणि ते मीडियात थेट विरघळते, त्यामुळे येथे डीएमएसओची गरजच नाही. वेलमध्ये आधीच १०० मायक्रोलिटर मीडिया असतो आणि आपण आणखी १०० मायक्रोलिटर घालणार असतो, म्हणून औषधाचे द्रावण दुप्पट तीव्र करावे लागते. अंतिम २० मिलिमोलरसाठी ६०.५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल १० मिलिलिटर कोमट मीडियात विरघळवले की ४० मिलिमोलरचे द्रावण तयार होते. ते गाळून निर्जंतुक करावे आणि प्रत्येक वेळी निम्मे-निम्मे विरल करत जावे. वेलमध्ये अनुक्रमे २०, १०, ५, २.५, १.२५ आणि ०.६२५ मिलिमोलर मिळतात.

या आकड्यांचा रुग्णाशी संबंध काय, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावे. नेहमीच्या मात्रेनंतर रक्तद्रवात दर मिलिलिटरला साधारण १० ते २० मायक्रोग्रॅम पॅरासिटामॉल असते, म्हणजे जेमतेम ०.०७ ते ०.१३ मिलिमोलर. अतिमात्रेनंतर चार तासांनी हे प्रमाण १५० मायक्रोग्रॅम, म्हणजे सुमारे १ मिलिमोलर असेल, तर उतारा सुरू करण्याची रेषा अनेक ठिकाणी पाळली जाते. आपल्या प्लेटवरची २० मिलिमोलर संहती त्याच्या वीसपट आहे. इतक्या वर जाऊन दिसलेला परिणाम रसायनाचा गुणधर्म सांगतो, रुग्णाचा धोका सांगत नाही. शिवाय फार मोठ्या संहतीला मीडियाचा परासरण दाबही वाढतो आणि पेशी केवळ त्यामुळे आक्रसू शकतात, म्हणून मला २० मिलिमोलरच्या पुढे जाणे योग्य वाटत नाही.

एकाच प्लेटमधून दोन उत्तरे

औषधानंतर २४ तासांनी सर्वप्रथम प्लेट सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी आणि काय दिसले ते शब्दांत लिहावे: पेशी गोल झाल्या आहेत का, पृष्ठभाग सोडून तरंगत आहेत का, आवरणावर फुगवटे आले आहेत का. छायाचित्रही घ्यावे. यंत्राचा आकडा आणि डोळ्यांना दिसलेले चित्र जुळत नसेल, तर आधी आकड्यावर संशय घ्यावा.

यानंतर एलडीएच चाचणीसाठी नमुना घ्यावा. लॅक्टेट डिहायड्रोजनेज हे विकर एरवी पेशीच्या आत असते आणि आवरण फुटले की मीडियात उतरते. म्हणून हे मृत्यूचे थेट चिन्ह आहे. नमुना घेण्याच्या ४५ मिनिटे आधी नवव्या स्तंभात १० टक्के ट्रायटन एक्स-१०० चे २० मायक्रोलिटर घालावेत, म्हणजे शक्य तितके सर्व एलडीएच बाहेर येते. वाढलेल्या आकारमानाचा हिशेब गणितात धरावा. मग प्रत्येक वेलमधून ५० मायक्रोलिटर मीडिया पेशींना धक्का न लावता दुसऱ्या प्लेटमध्ये घ्यावा, किटमधील अभिकर्मक मिसळावा आणि ३० मिनिटे अंधारात ठेवून ४९० नॅनोमीटरला रीडिंग घ्यावे. सीरममध्येही एलडीएच असते, म्हणून पेशीविरहित मीडियाचे रीडिंग वजा करणे बंधनकारक आहे. दीर्घ प्रयोगांत बाहेर आलेले एलडीएच हळूहळू निकामी होते, त्यामुळे ७२ तासांनंतर घेतलेले रीडिंग मृत्यूचे प्रमाण कमी दाखवू शकते.

मूळ प्लेटमध्ये आता १५० मायक्रोलिटर उरले आहेत. बफरमध्ये दर मिलिलिटरला ५ मिलिग्रॅम या प्रमाणात तयार करून गाळलेले एमटीटीचे द्रावण प्रत्येक वेलमध्ये १५ मायक्रोलिटर घालावे आणि प्लेट तीन तास इन्क्युबेटरमध्ये ठेवावी. पिवळे एमटीटी चयापचय चालू असलेल्या पेशींत जांभळ्या फॉर्मॅझानमध्ये बदलते. सूक्ष्मदर्शकाखाली पेशींवर सुयांसारखे गडद स्फटिक उगवलेले दिसतात. मीडिया काढणे ही येथील नाजूक पायरी आहे. हेप-जी-२ पेशी घट्ट चिकटलेल्या नसतात, म्हणून प्लेट उलटी करून झटकू नये. पिपेटचे टोक वेलच्या भिंतीला टेकवून, प्लेट किंचित तिरकी धरून, सावकाश मीडिया ओढावा. नंतर १०० मायक्रोलिटर डीएमएसओ घालून दहा मिनिटे अंधारात हलवावे, एकही स्फटिक उरला नाही याची खात्री करावी आणि ५७० नॅनोमीटरला, संदर्भासाठी ६३० किंवा ६९० नॅनोमीटर ठेवून, रीडिंग घ्यावे. एमटीटी आणि डीएमएसओ यांचा निचरा वेगळ्या बाटलीत करावा, बेसिनमध्ये ओतू नये. पेशींचा कचरा निर्जंतुक करून २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार द्यावा.

गणित सरळ आहे. पेशीविरहित वेलचे रीडिंग ०.०६, औषध न दिलेल्या पेशींचे ०.८६ आणि औषध दिलेल्यांचे ०.४६ असेल, तर ०.४० भागिले ०.८० म्हणजे ५० टक्के. या ५० टक्क्यांचा अर्थ लावताना ती जादा प्लेट कामी येते. औषध घालतानाचेच रीडिंग ०.४६ असेल, तर या २४ तासांत पेशी मेल्याच असे म्हणता येत नाही. बहुधा त्यांची वाढ थांबली आणि औषधाविना ठेवलेल्या पेशी मात्र वाढत राहिल्या. एलडीएच वाढलेले नसेल तर हाच निष्कर्ष पक्का होतो. उलट एमटीटी घटले आणि एलडीएच वाढले, तर आवरण फुटून पेशी मेल्या. आणि रीडिंग सुरुवातीच्या प्लेटपेक्षाही खूप खाली गेले पण एलडीएच स्थिर राहिले, तर मायटोकॉन्ड्रिया बंद पडले असून आवरण अजून शाबूत आहे, किंवा मृत्यू ॲपॉप्टोसिसच्या, म्हणजे पेशीच्या नियोजित मृत्यूच्या, मार्गाने होत आहे, असा संशय घेऊन पुढे जावे.

कारणाचा शोध

ॲपॉप्टोसिस आणि नेक्रोसिस (इजेने आवरण फुटून होणारा मृत्यू) वेगळे ओळखण्यासाठी ॲनेक्सिन-व्ही (मरू लागलेल्या पेशीच्या आवरणाला चिकटणारे प्रथिन) आणि प्रोपिडियम आयोडाइड (फुटलेल्या आवरणातून आत शिरणारा रंग) यांची जोडी फ्लो सायटोमीटरवर वापरतात. फक्त ॲनेक्सिन लागलेल्या पेशी ॲपॉप्टोसिसच्या आरंभी असतात; दोन्ही लागलेल्या पेशींबाबत मात्र त्या कोणत्या वाटेने तेथवर आल्या हे एका वेळच्या रीडिंगवरून सांगता येत नाही. म्हणून २, ६, १२ आणि २४ तास असे टप्पे घ्यावेत. ॲनेक्सिनला चिकटण्यासाठी कॅल्शियम लागते, त्यामुळे कॅल्शियम बांधून ठेवणारे ईडीटीए पूर्ण धुऊन काढावे, आणि तरंगणाऱ्या पेशी फेकून न देता चिकटलेल्यांबरोबरच गोळा कराव्यात. मेलेल्या पेशी बहुधा त्यांतच असतात.

ग्लुटाथायोन एलमन अभिकर्मकाने ४१२ नॅनोमीटरला मोजता येते. ते आधी घटले आणि एलडीएच नंतर वाढले, तर कारण आणि परिणाम यांचा क्रम जुळतो. त्याहून भक्कम पुरावा हस्तक्षेपातून मिळतो: बुथायोनिन सल्फॉक्सिमिन देऊन ग्लुटाथायोनची निर्मिती रोखली तर इजा वाढायला हवी, आणि एन-ॲसिटिलसिस्टीन दिल्यावर ती कमी व्हायला हवी. येथे दोन सापळे आहेत. एन-ॲसिटिलसिस्टीन आम्लधर्मी आहे, म्हणून द्रावणाचा सामू ७.४ वर आणल्याशिवाय ते पेशींवर घालू नये. शिवाय त्यातील गंधकाचा गट पेशींविनाच एमटीटीला जांभळे करतो, त्यामुळे ‘पेशी वाचल्या’ असा खोटा आकडा येतो. एमटीटी घालण्याआधी पेशी बफरने धुवाव्यात, आणि या प्रयोगात मुख्य भिस्त एलडीएच व प्रत्यक्ष मोजणीवर ठेवावी. वनस्पतींच्या अर्कांवर काम करणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे, कारण अर्कांतील पॉलिफेनॉल आणि जीवनसत्त्व क यांच्यामुळेही असेच घडते. अर्क ‘यकृतरक्षक’ आहे असे लिहिण्याआधी पेशीविरहित वेल पाहणे हे किमान कर्तव्य आहे.

निकाल कसा लिहावा

सहा वेल म्हणजे सहा प्रयोग नव्हेत. एका प्लेटमधील वेलची सरासरी हा एकच आकडा, आणि वेगळ्या दिवशी, वेगळ्या पॅसेजच्या (नव्या फ्लास्कमध्ये पुन्हा लावलेल्या पिढीच्या) पेशींवर, औषध नव्याने विरघळवून केलेले किमान तीन प्रयोग झाल्यावरच सांख्यिकी लावावी. निम्मी क्रिया रोखणारी संहती, म्हणजे आयसी-५०, काढायची असेल तर आलेख प्रत्यक्ष ५० टक्क्यांच्या खाली उतरलेला हवा. तो ६५ टक्क्यांवरच थांबला असेल, तर संगणकाने पुढे रेषा वाढवून दिलेला ३४.७ मिलिमोलरसारखा आकडा छापू नये. ‘आयसी-५० २० मिलिमोलरपेक्षा अधिक’ एवढेच लिहावे. पेशींचे मूळ, पॅसेज क्रमांक, मायकोप्लाझ्मा तपासणीची तारीख, सीरमचे प्रमाण, औषधाचा संपर्ककाळ आणि पेशीविरहित वेलचे रीडिंग या नोंदी तक्त्यात असाव्यात. हेप-जी-२ पेशींवरील कामाचे निष्कर्षवाक्य असे असावे: ‘२४ तासांच्या संपर्कात पॅरासिटामॉलने हेप-जी-२ पेशींचे चयापचय संहतीनुसार घटवले; या पेशींत सायटोक्रोम पी-४५०-२-ई-१ अत्यल्प असल्याने हा परिणाम एनएपीक्यूआयमुळे झाला असे या प्रयोगावरून म्हणता येत नाही.’ हे वाक्य सारांशातच यावे, कारण पुष्कळ वाचक फक्त सारांशच वाचतात.